आत्याचा रानकांदा

मी काळजी करणारी बाई आहे. कौतुकानं नाही सांगत, वैतागून सांगतेय. गॅस बंद केलाय ना हे बघायला मी अर्ध्या गल्लीतून परत येते. कुलूप ओढून बघते, खाली उतरते, पुन्हा वर जाऊन ओढते. दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत दूधवाल्यालासुद्धा हे पाठ झालंय. मी मागे वळले की तो लांबूनच ओरडतो, "बंद है दीदी, ताला बंद है, हम देखे हैं." त्यानं बघितलेलं मला पुरत नाही, त्याला तो तरी काय करणार!

घरात आम्ही दोघीच. मी आणि माझी आत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढे गेलेली. तिचे यजमान वेदपाठी होते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत ते गेले आणि ती बनारसला माहेरी परत आली, ती कायमचीच. माझी आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून माझी वेणी, माझा डबा, माझा अभ्यास, सगळं आत्यानंच बघितलं. मी लग्न का केलं नाही हे मला विचारू नका, तिला विचारा, ती तासभर सांगेल. बोलतो आम्ही मराठीच, पण बनारसची मराठी. "अगं, भाजी जल गई वाटतं, करपल्याचा वास येतोय," असं एका दमात बोलणारी माणसं आम्ही.

दोनेक वर्षांपूर्वी आत्याच्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडायला लागले. डॉक्टरांनी एक बारीकशी पांढरी गोळी लिहून दिली आणि बजावलं, रोज सकाळी एकच, चुकवायची नाही आणि चुकून दुसरी घ्यायची नाही. झालं! मला एवढंच पुरे होतं. त्या दिवसापासून माझा जीव त्या गोळीला टांगलेला. सकाळी ती गोळी घेते का हे मी समोर उभी राहून बघायची. करोनाच्या दिवसांत आणलेलं ते बोटाला लावायचं यंत्र सकाळ-संध्याकाळ तिच्या बोटाला लावायची. कॉलेजातून दुपारी फोन करायची. तिनं फोन उचलला नाही की मी पुन्हा पुन्हा लावायची, आणि ती तर पोथी वाचताना फोन उचलतच नाही. समोर मुली बसलेल्या असायच्या, मी फळ्यावर परागकण काढत असायचे, आणि डोक्यात एकच, उचलला का नाही, का नाही उचलला.

मी वनस्पतीशास्त्र शिकवते. एका मुलींच्या कॉलेजात, वर्षानुवर्षं. आणि दर वर्षी होळीनंतर एक दिवस मी जंगलात जाते. रामनगरचा पूल ओलांडायचा, चकियाच्या पुढे जायचं, तिथून डोंगर आणि जंगल सुरू होतं. लोक तिकडे धबधबे बघायला जातात, पावसाळ्यात. मी जाते ती ऐन कोरड्या दिवसांत, रानकांद्याचं फूल बघायला.

हे फूल बघायला कुणी मुद्दाम जात नाही, हेही सांगून टाकते. त्या दिवसांत सगळ्या उतारावर पळस फुललेला असतो. तो लाल रंग सोडून या मरतुकड्या काडीकडे कोण बघणार? हो, काडीच. पाचोळ्यातून एक उघडा दांडा वर आलेला असतो, गुडघ्याएवढा, कधी कमरेएवढा. पान एक नाही. दांड्यावर लांब लांब अंतरानं खाली मान घातलेली फुलं, मळकट हिरवी, थोडी तपकिरी, पाकळीच्या कडेला जरा पांढुरकी. ती दिवस कलला की उमलतात आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईस्तोवर मिटलेली असतात. पानं येतात पावसात, तोवर फुलाचं बी होऊन वाऱ्यावर उडूनही गेलेलं असतं. मुलींना हे सांगितलं की एखादी तरी म्हणते, "बेचारा."

बेचारा वगैरे काही नाही. त्या जंगलात इतका पक्का जीव दुसरा नसेल. मोह गळायला लागला की गावातले लोक झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात, म्हणजे खाली पडलेली फुलं स्वच्छ जमिनीवर दिसतात, वेचता येतात. आग कधी कधी हाताबाहेर जाते, सबंध उतार काळा होतो. पण कांदा खोल जमिनीत, त्याला धग लागत नाही. मी राखेतून वर आलेले दांडे बघितलेत. रानडुक्कर सगळं रान उकरतं, याला तोंड लावत नाही, कारण कांदा विषारी. बाकीची झाडं पानं गाळून गप्प उभी असतात, तेव्हा हा फुलून घेतो. वर सावली नाही, ऊन थेट जमिनीवर येतं, आणि संध्याकाळी हिंडणाऱ्या किड्यांना त्या वेळी जमिनीलगत दुसरं काही मिळत नाही. मला ते आवडतं. पण दर वर्षी त्या जागेपाशी पोचेपर्यंत माझी छाती धडधडत असते. रस्ता रुंद केला असेल का, कुणी टपरी टाकली असेल का, यंदा दांडे दिसलेच नाहीत तर? काळजी करायला मला आत्याच लागते असं नाही.

यंदा आत्या म्हणाली, "मी पण येते."

"तू? इतक्या लांब? उन्हात?"

"गाडीत बसायचंय ना? मग? मरायला टेकल्यासारखी काय बघतेस माझ्याकडे?"

माझ्या अंगावर काटा आला. असं बोललेलं मला चालत नाही, हे तिला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच बोलते. शेवटी रंगपंचमी झाल्यावर आम्ही निघालो. पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोज, तिची गोळी, बोटाचं यंत्र, छत्री. गाडीवाला म्हणाला, "दीदी, जंगल जा रहे हैं कि अस्पताल?" आत्या हसून हसून बेजार झाली. मला नाही आलं हसू.

फुलं होती. मोहाच्या तीन-चार झाडांपलीकडे, खडकाळ उतारावर, मागच्या वर्षीसारखीच. माझा जीव भांड्यात पडला. आत्याला एका सपाट दगडावर बसवलं, तिनं चपला काढल्या आणि पाय पुढे केले. तिच्या तळपायांना कुरुपं आहेत, जुनी, टणक. आयुष्यभर पंचगंगा घाटाच्या पायऱ्या अनवाणी उतरली-चढली, त्याचा प्रसाद. थोड्या अंतरावर एक बाई टोपलीत मोह वेचत होती. ऊन कलायला लागलं होतं आणि दांड्यावरच्या खालच्या कळ्या सैल होत होत्या.

"हेच का ते? एवढ्यासाठी येतेस?" आत्यानं विचारलं.

मग काय, माझी मास्तरकी सुरू झाली. खाली कांदा कसा असतो, किती खोल असतो, आगीतून कसा वाचतो. आणि मग मी म्हणाले, "याच्यात हृदयावर काम करणारं द्रव्य असतं. पूर्वी औषधात वापरायचे."

"हृदयावर? म्हणजे माझ्या गोळीसारखं?"

"त्याच जातीचं. ठोके सावकाश करतं, जोरकस करतं. पण माप चुकलं की विष. म्हणून तर आता कुणी…"

पुढचं ती ऐकत नव्हती. ती माझ्याकडे न बघता त्या दांड्याकडे बघत होती. ते मला तेव्हा समजायला हवं होतं, पण मी कळ्यांचे फोटो काढायला पुढे गेले होते. पाठमोरी होते तेव्हा तिनं त्या मोह वेचणाऱ्या बाईला हाक मारली. वळून बघते तर बाई काठीनं जमीन उकरतेय आणि आत्या पिशवीचं तोंड उघडं धरून बसलीय.

"आत्या! हे काय?"

"कुरुपाला. आमच्या सासरी भाजून बांधायचे. चांगला गुण येतो."

"अगं, तू कांदा घरी नेणार?"

हे कुणाला विचित्र वाटेल, पण आमच्या घरात कांदा येत नाही. लसूणही नाही. आत्यानं जन्मात कांदा तोंडात घातलेला नाही. बाजारातून पिशवी आणली की ती आधी वास घेते. मी खाते, पण कॉलेजच्या कँटीनमध्ये, आणि घरी आल्यावर आधी चूळ भरते, पन्नाशी उलटली तरी. तीच आत्या आता मुठीएवढा मातीनं भरलेला कांदा मांडीवर घेऊन बसली होती.

"तोंडाला लावायचाय का? पायाला लावायचाय," ती म्हणाली. "पायाला चालतं. औषध आहे ते."

मला तो जमिनीतून काढलेलाच आवडला नव्हता. पण तिच्या पायांकडे बघितलं आणि गप्प बसले. कुरुपाला तो वापरतात हे खरंच आहे. घरी आल्यावर तो गॅलरीत एका रिकाम्या कुंडीखाली ठेवला. हातमोजे आणून दिले, बजावलं, रस अंगाला लागला तर आग होते, स्वयंपाकघरात आणायचा नाही, सुरी वेगळी, हात साबणानं धुवायचे. "हो हो हो," आत्या म्हणाली. ती तीनदा 'हो' म्हणते तेव्हा तिनं एकही शब्द ऐकलेला नसतो.

पाडवा झाला, गुढी उतरली, रामाचं नवरात्र सुरू झालं. या दिवसांत तर आमच्या गल्लीतल्या कांदा खाणाऱ्या घरांतसुद्धा कांदा बंद. आत्याच्या पायाला पट्टी बांधलेली असायची. मी विचारलं की "मऊ पडतंय" म्हणायची. तिचा चेहरा जरा उतरलेला वाटला, पण उन्हाळा सुरू झालेला, मला वाटलं उन्हानं. मग जेवण कमी झालं. मग म्हणाली, मळमळतंय, पित्त झालंय. मी यंत्र लावायला गेले तर हात मागे घेतला. "रोज काय तेच तेच! मी काय रेल्वे आहे का, टाइम बघायला?" अशी खेकसली की मी बाहेर जाऊन उभी राहिले. माझ्या मनात काय काय येत होतं, सांगायची सोय नाही.

अष्टमीच्या सकाळी मी तिला पन्हं दिलं. तिनं पेला हातात घेतला आणि खिडकीकडे बघत म्हणाली, "आज सगळं पिवळं का दिसतंय गं? ऊनपण पिवळं, भिंतपण."

त्या गोळीचा डोस जास्त झाला की दृष्टीला पिवळं दिसतं, हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं होतं, आणि ऐकलं की विसरायचं मला जमत नाही. मी गॅलरीत धावले. कुंडी उचलली. कांदा अर्धा राहिला होता. एक बाजू सुरीनं स्वच्छ कापलेली, पातळ पातळ चकत्या काढाव्यात तशी. दोन तळपायांच्या पट्ट्यांना इतका लागत नाही. ही बाई तो खात होती.

"आत्या, तू हा खाल्लास?"

"वेडी का गं तू? नवरात्रात कांदा खाईन मी?"

तेवढं बोलून ती मागे टेकली आणि डोळे मिटले. मी तिच्या हाताची नाडी बघितली. एक ठोका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. ती शांतता मला अजून ऐकू येते.

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. स्कूटर कशीबशी येते, तीही गायींना चुकवत. आत्याला मोठ्या रस्त्यापर्यंत न्यायचं कसं? मी खाली पळाले, दूधवाल्याला हाक मारली. तो आणि त्याचा भाऊ प्लास्टिकची खुर्ची घेऊन वर आले, आत्याला खुर्चीत बसवलं, ओढणीनं बांधलं आणि दोघांनी खुर्ची उचलली. अष्टमीची गर्दी. देवीला निघालेल्या बायका, नारळाची ताटं, मध्येच एक बैल आडवा. दूधवाला पुढून ओरडत होता, "हटो भइया, मरीज है, हटो!" मी मागून तिचं डोकं धरून चालत होते आणि एकच घोकत होते, आत्या डोळे उघड, आत्या बोल. ती डोळे उघडायची, म्हणायची, "गुडघा लागला माझा भिंतीला." चिडलेली होती, म्हणजे शुद्धीवर होती. मोठ्या रस्त्यावर ई-रिक्षा मिळाली, तीही आधी दोघांनी नाकारल्यावर.

इस्पितळात लगेच आत घेतलं. छातीला तारा लावल्या, ईसीजी काढला. डॉक्टर बाई होत्या, तरुण, डोळ्यांखाली काळं, पण बोलणं शांत. मी एका श्वासात सगळं सांगितलं, गोळी, जंगल, कांदा, अर्धा उरलेला कांदा.

"जंगली प्याज़? वो तो दवा जैसा ही असर करता है. अम्मा ने गोली भी ली है साथ में? और प्याज़ कितना, कब से?"

"मला… मुझे नहीं पता."

"पता करना पड़ेगा, दीदी. दोनों साथ लिया है तो इलाज अलग होगा, और देर नहीं करनी है."

त्या खाटेपाशी आल्या. वाकून, गोड आवाजात विचारलं, "अम्मा, प्याज़ खाया था?"

आत्यानं मान हलवली. नाही.

"थोड़ा भी नहीं?"

"नहीं. पैर में लगाया था."

दोन नर्स उभ्या होत्या, शेजारच्या खाटेवरच्या माणसाचे नातेवाईक पण बघत होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी आत्याचा हात धरला आणि मराठीत विनवणी सुरू केली. सांग ना, मी रागावणार नाही, सांग. ती छताकडे बघत राहिली. ओठ घट्ट मिटलेले. लहानपणी मी औषध घेत नसे तेव्हा मी जसे मिटायची, अगदी तसे. मला इतका राग आला, इतका राग आला की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. तुझा जीव जातोय, बये! आणि तू लाजतेयस कसली?

आणि मग मला कळलं की ती लाजतेच आहे. चारचौघांत, परक्या बायकांपुढे, ऐन अष्टमीला, जन्मभर सोवळ्यानं राहिलेल्या बाईनं 'मी कांदा खाल्ला' म्हणायचं? ती मेली असती, पण बोलली नसती. मी हसावं का रडावं! खाटेशेजारच्या यंत्रावर तिच्या ठोक्यांचा हिरवा ठिपका उड्या मारत होता, उडी आणि उडीमधलं अंतर मला बघवत नव्हतं.

मी तिच्या कानाशी तोंड नेलं. "आत्या, ऐक. मी कॉलेजात काय शिकवते?"

"झाडं."

"मग माझं ऐक. तो कांद्याच्या जातीचा नाहीच. दिसतो तसा, म्हणून लोक म्हणतात. तो शतावरीच्या कुळातला आहे. शतावरी खातेस ना तू दुधातून? त्याच घराण्यातला. एकादशीलासुद्धा कुणी बोलणार नाही."

तिनं माझ्याकडे बघितलं. संशयानं. "देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ. पुस्तकात आहे."

पुस्तकात खरंच आहे. नसतं, तरीही मी शपथ घेतली असती.

आत्यानं डोळे मिटले आणि हळूच, मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं बोलली. जंगलातून आल्यापासून रोज. सकाळी पूजेच्या आधी, भाजून, मधातून, सुपारीएवढा तुकडा.

"आणि गोळी?"

"ती पण घेतली. तू समोर उभी राहून बघतेस ना! घेतली नसती तर आकांडतांडव केलं असतंस."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, नर्सला भराभर औषधांची नावं सांगायला लागल्या. मला बाहेर पाठवलं. बाहेर बाकावर मी बसले. दूधवाला कुठूनसा चहा घेऊन आला. मला वाटत होतं, आता दार उघडेल आणि कुणीतरी येऊन सांगेल. दर वेळी दार उघडायचं आणि कुणीतरी दुसऱ्याच माणसाला काहीतरी सांगायचं. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही. सगळंच चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या उशीला टेकून बसली होती. ठिपका आता बऱ्यापैकी नेमानं उडत होता. भिंत पिवळी दिसत नाही म्हणाली. इस्पितळाचं वरण तिला पाणचट वाटलं, तेव्हा माझी खात्री पटली की धोका टळला. मी मात्र अजून तिच्यावर धुमसत होते. रात्रभर स्टुलावर बसून मी मनातल्या मनात तिच्याशी भांडले होते. हट्टी, म्हातारपणी अक्कल गहाण टाकलेली, गोळ्यांवर विश्वास नाही, डॉक्टरांवर नाही, स्वतःला वैद्य समजते. हे सगळं तिला घरी गेल्यावर एकदा ऐकवायचंच, असं ठरवलं होतं.

डॉक्टर फेरीला आल्या. ईसीजी बघितला, समाधान वाटलं त्यांना. मग खाटेच्या कडेला हात ठेवून हसत म्हणाल्या, "अम्मा, एक बात बताइए. गोली तो ठीक चल रही थी. ये सब करने की क्या ज़रूरत पड़ी?"

मला वाटलं आता ती आपल्या सासरच्या औषधांचं पुराण लावणार. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांकडेच बघून, तिच्या त्या बनारसी हिंदीत, अगदी साधेपणानं बोलली.

"ये लड़की सोती नहीं है, डॉक्टर साहब. रात को हमारे दरवाज़े पर आके खड़ी हो जाती है, देखने कि साँस चल रही है कि नहीं. हम जागते रहते हैं. आँख बंद करके ज़ोर-ज़ोर से साँस लेते हैं, कि इसको सुनाई दे और जाके सो जाए. रोज़ यही होता है. हम सोचे, एक बार दिल पक्का हो जाए, तो इसका भी छुटकारा हो."

मी उभीच होते. दारात उभं राहिल्यावर तिचा तो मोठा, नीट येणारा श्वास ऐकून मी दर वेळी 'बरी आहे, गाढ झोपलीय' म्हणत माझ्या अंथरुणाकडे वळायची. दोन वर्षं.

आत्यानं पांघरूण नीट केलं. "हमारा तो हो गया," ती म्हणाली. "अब इसको देखिए."

"आत्या, काहीतरी बोलू नकोस."

"चूप बस गं. हात दे त्यांना."

डॉक्टरांनी हात पुढे केला. मी मनगट पुढे केलं. त्यांनी बोटं ठेवली, घड्याळाकडे बघितलं, आणि मग घड्याळ सोडून माझ्याकडे बघितलं.

"कब से ऐसा है, दीदी? बैठ जाइए पहले."

बसायला स्टूल होतं, ते मला दिसलंच नाही. आत्यानं पाय आखडून घेतले आणि मला खाटेवर जागा केली. मी तिच्याजवळ बसले.